जपानी घरात राहायला जाताना: बूट, आंघोळ, दाशी आणि गॅसची शेगडी

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत. त्यातले बरेच जण कधी ना कधी जपानमधल्या एखाद्या कुटुंबात काही दिवस राहायला जातात, कुणी कॉलेजतर्फे, कुणी भाषेच्या संस्थेतर्फे, कुणी स्वतःच्या खर्चाने. भाषेची तयारी बहुतेकांची चांगली असते. आदरार्थी क्रियापदं पाठ असतात, दोन-तीनशे कान्जी, म्हणजे चिनी मूळची चित्राक्षरं, येत असतात. पण आंघोळ झाल्यावर टबचं बूच काढायचं की नाही, हे पुस्तकात नसतं, आणि अडचण नेमकी तिथे होते.

अडचण मोठी होण्याचं कारण असं की जपानी यजमान पाहुण्याची चूक सहसा बोलून दाखवत नाहीत. तुम्ही टबचं पाणी सोडून दिलंत, तर घरातली बाई काही न बोलता टब पुन्हा भरेल आणि बाकीच्यांची आंघोळ तासभर लांबेल. तुम्हाला पत्ताही लागणार नाही. म्हणून विचारण्याची सुरुवात पाहुण्याने करायची. पहिल्या संध्याकाळी चहाच्या वेळी पंधरा मिनिटं काढा आणि सरळ विचारा: रात्रीचं जेवण किती वाजता, आंघोळ कोणी कोणत्या क्रमाने करायची, कचरा कशात टाकायचा, कपडे कोण आणि कधी धुतं, रात्री किती वाजल्यावर आवाज नको. भाषा मोडकी असली तरी चालेल. हे प्रश्न विचारणारा पाहुणा तिथल्या माणसांना आवडतो, कारण सांगण्याचं अवघड काम त्यांच्यावरून उतरतं.

निघण्यापूर्वी

मुक्काम कोणत्या प्रकारचा आहे ते आधी नीट समजून घ्या. भाषाशाळा किंवा मैत्रीसंघ यांच्यामार्फत मिळणाऱ्या घरात साधारणपणे खोली आणि सकाळ-रात्रीचं जेवण असतं. दुपारचं जेवण आपलं आपण. खेड्यांमध्ये शेतकरी कुटुंबात राहण्याची सोय असते. क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतात आजिमु नावाच्या गावाने 1996 पासून ती पद्धत रुजवली. तिथे पाहुण्याने शेतात थोडं काम करावं, स्वयंपाकाला हात लावावा अशी अपेक्षा असते, म्हणून मळले तरी चालतील असे कपडे न्या. तिसरा प्रकार म्हणजे पैसे देऊन खासगी घरातली खोली. यासाठी 15 जून 2018 पासून वेगळा कायदा लागू आहे. घरमालकाला नोंदणी करावी लागते आणि वर्षाला जास्तीत जास्त 180 दिवसच पाहुणे ठेवता येतात. या कायद्याखाली नोंदवलेल्या घराच्या दाराशी पाटी असते आणि नोंदणी क्रमांक ‘एम’ अक्षराने सुरू होतो. क्रमांक विचारल्यावर टाळाटाळ झाली तर ते घर सोडून द्या.

यजमानांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर जपानी लिपीत लिहून कागदावर जवळ ठेवा. विमानतळावरच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता लागतो, आणि टॅक्सीवाल्याला रोमन लिपीतला पत्ता दाखवून वेळ जातो. व्हॉट्सअ‍ॅप तिथे फारसं कुणी वापरत नाही, घरोघरी ‘लाइन’ नावाचं संदेशांचं अ‍ॅप आहे. त्याच्या नोंदणीला फोन नंबरवर येणारा कोड लागतो. तो कोड भारतातल्या सिमवर यावा म्हणून ते घरून निघण्याआधीच चालू करून ठेवा.

औषधांच्या बाबतीत कडक नियम आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती आणि दुकानात सहज मिळणारी दोन महिन्यांपुरती, एवढीच विशेष परवान्याशिवाय नेता येतात. त्यातही सर्दी-खोकल्याची काही औषधं अडकतात. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये चालत नाही, आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. पिशवीत आईने घातलेली सर्दीची गोळी कोणती आहे ते एकदा वाचून बघा.

वीज 100 व्होल्ट, पिना दोन आणि चपट्या. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, कारण ते 100 ते 240 व्होल्टचे असतात. आपला 230 व्होल्टचा मिक्सर, किटली किंवा पाणी तापवायची कॉइल मात्र तिथे धड चालत नाही. वजन वाया घालवू नका.

भेटवस्तू न्यायचीच. खाण्याची असली तर सुटी सुटी, वेगवेगळ्या वेष्टनात बांधलेली बरी, म्हणजे घरातले शेजाऱ्यांना आणि ऑफिसमध्ये वाटू शकतात. शेंगदाण्याची चिक्की उत्तम: टिकते, मोडली तरी चालते, आणि शेंगदाणे किंवा तांदूळ पाकात बांधायची मिठाई त्यांच्याकडेही असल्यामुळे ओळखीची वाटते. पेढे, बर्फी, गुलाबजाम त्यांच्या जिभेला फार गोड होतात. चारच्या संचात काही देऊ नका, कारण चार आणि मृत्यू या दोन्हींचा उच्चार ‘शी’ असा होतो. आणि अगरबत्ती देऊ नका, कितीही सुवासिक असली तरी. तिथे उदबत्ती घेऊन जातात ते घरात कुणी गेलं असेल तेव्हा, दिवंगतांसमोर लावायला. आंबा, कढीपत्ता, कोणतंही ताजं फळ किंवा पान रोपांच्या तपासणीच्या दाखल्याशिवाय आत जात नाही. मांसाचे पदार्थ तर नाहीतच. दुकानातले सीलबंद सुके मसाले चालतात.

भेट दारातच हातात कोंबायची नसते. आत जाऊन बसल्यावर, नमस्कार झाल्यावर, पिशवीतून बाहेर काढून दोन्ही हातांनी द्या. समोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. काही घरांत ती आधी बुत्सुदानसमोर, म्हणजे पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर ठेवतात आणि मग उघडतात. आपण पेढ्यांचा पुडा आधी देवापुढे ठेवतो, तसंच.

दारापासून अंथरुणापर्यंत

जपानी घराच्या दारातून आत गेल्यावर लगेच एक खोलगट जागा असते, तिला गेन्कान म्हणतात. बूट तिथपर्यंतच. घराची खरी हद्द तिथल्या पायरीपासून सुरू होते. चूक होते ती अशी: माणूस बूट काढतो, मोज्यांनिशी त्याच खालच्या फरशीवर उभा राहतो आणि मग वर चढतो. मोज्यांना लागलेली रस्त्याची धूळ अशी घरात येते. योग्य रीत अशी की पायरीच्या अगदी जवळ, घराकडे तोंड करून उभं राहायचं, एक पाय बुटातून काढून थेट वर टेकवायचा, मग दुसरा. वर गेल्यावर बाजूला वळून, यजमानांकडे पाठ न करता गुडघ्यावर बसायचं आणि बूट उचलून त्यांची टोकं दाराकडे करून ठेवायचे. दिवसातून पाच-सहा वेळा हे करावं लागतं, त्यामुळे नाडीचे बूट नेऊ नका. मोजे न फाटलेले हवेत आणि रोजचे धुतलेले हवेत.

वर घरातल्या सपाता मिळतात. त्या लाकडी फरशीवर घालायच्या. तातामी, म्हणजे गवती चटईची खोली आली की त्या दाराबाहेर काढायच्या, तिथे फक्त मोजे किंवा अनवाणी. संडासासाठी आणखी वेगळ्या सपाता असतात, त्या तिथल्या तिथेच. संडासातल्या सपाता घालून जेवायच्या खोलीत येणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. तातामीवर चाकांची बॅग ओढायची नाही, उचलून न्यायची. चाकांनी चटईचे पदर तुटतात आणि एक चटई बदलायची तर खर्च मोठा असतो. चटईच्या कापडी काठावर आणि सरकत्या दाराच्या उंबऱ्यावर पाय देत नाहीत. भिंतीत कोनाड्यासारखी जागा असेल, तिथे चित्र टांगलेलं किंवा फुलं ठेवलेली असतील, तर ती बॅग ठेवायची जागा नाही.

अंथरूण म्हणजे फुतोन, जमिनीवर घालायची गादी. ती सकाळी उठल्यावर तशीच ठेवू नका. रात्रभराच्या घामाची ओल गादी आणि तातामीच्या मध्ये साठते आणि पावसाळ्यात दोन-चार दिवसांत बुरशी धरते. पांघरूण मागे टाकून अर्धा तास हवा लागू द्या, मग गादीची तिपदरी घडी करून भिंतीतल्या कपाटात किंवा कोपऱ्यात ठेवा. केसांना खोबरेल लावून झोपायची सवय असेल तर इथे सोडा, किंवा उशीवर आपला जुना पंचा अंथरा. उशीच्या अभ्र्यावरचा तेलाचा डाग जात नाही, आणि तातामीत मुरलेलं तेल तर नाहीच नाही.

संडासातल्या बटणांना घाबरायचं कारण नाही. पाण्याच्या फवाऱ्याची सवय आपल्याला आहेच. तो सुरू झाल्यावर थांबवायचं बटण मात्र आधी शोधून ठेवा, त्यावर बहुधा चौकोनाचं चित्र असतं. पाणी सोडण्याच्या कळीवर दोन अक्षरं दिसतात: हातपाय पसरून उभ्या माणसासारखं दिसणारं म्हणजे जास्त पाणी, तीन सुट्या रेघांचं म्हणजे कमी. कागद संडासातच टाकतात. सॅनिटरी पॅड कधीच नाही, त्यासाठी झाकणाचा छोटा डबा असतो; दिसला नाही तर घरातल्या बाईला विचारा.

आंघोळ

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण घरोघरच्या गैरसमजांची सुरुवात इथून होते. टबमधलं गरम पाणी अंग धुण्यासाठी नसतं. ते शेकण्यासाठी, थकवा घालवण्यासाठी असतं आणि घरातली सगळी माणसं एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. एका टबमध्ये साधारण 200 लिटर पाणी मावतं, तापमान 40 ते 42 अंश. एवढं पाणी प्रत्येकासाठी नव्याने तापवणं कुणालाच परवडत नाही. पाणी स्वच्छ राहण्याची एकच अट आहे: आत उतरणारा माणूस आधीच पूर्ण स्वच्छ हवा.

म्हणून क्रम असा. कपडे बाहेरच्या छोट्या खोलीत काढायचे. आत गेल्यावर टबला हात न लावता बुटक्या स्टुलावर बसायचं. उभं राहून शॉवर घेतला तर शिंतोडे टबमध्ये आणि भिंतीवर उडतात. बसूनच साबण, शॅम्पू, सगळं उरकायचं आणि फेसाचा शेवटचा थेंब जाईपर्यंत अंगावर पाणी घ्यायचं. केस लांब असतील तर वर बांधायचे. मग टबमध्ये हळूच उतरायचं. 42 अंश आपल्याला चटके बसल्यासारखे वाटतात, आधी पाय, मग कमरेपर्यंत, मग खांदे. पाच मिनिटं पुरेत. चक्कर आल्यासारखं वाटलं की लगेच बाहेर या, पण झटकन उभे राहू नका. आत साबण नाही, पंचा बुडवायचा नाही, अंग चोळायचं नाही. फार गरम वाटलं म्हणून नळ सोडून टब गार करणंही बरं नाही, कारण मागच्या माणसाला ते गरम हवं असतं. बाहेर आल्यावर पाण्यावर पडलेला केस असेल तर उचलायचा, टबवर झाकण घालायचं, स्टूल आणि फरशीवरून पाणी ओतायचं. आणि बूच काढायचं नाही. रात्री सगळ्यांचं झाल्यावर तेच पाणी पुष्कळ घरांत छोट्या पंपाने कपडे धुवायच्या यंत्रात घेतात.

भिंतीवर जे यंत्र असतं त्यावर ‘ओइदाकी’ नावाचं बटण असतं. त्याने टबमधलं निवलेलं पाणी पुन्हा तापतं. ‘योबिदाशी’ दाबलं तर स्वयंपाकघरात घंटी वाजते, ते उगाच दाबू नका.

आपली सवय सकाळच्या आंघोळीची, त्यांची रात्रीच्या. रात्री न धुतलेल्या अंगाने फुतोनमध्ये शिरणं त्यांना विचित्र वाटतं, जसं आपल्याला पारोशाने स्वयंपाकघरात जाणं. पहिल्या दिवशीच सांगा की रात्री टब घेईन आणि सकाळी फक्त शॉवर घेतला तर चालेल का. बहुतेक घरं हो म्हणतात. सकाळी साडेसहा ते साडेसात ही वेळ टाळा, तेव्हा मुलं शाळेला आणि मोठी माणसं कामाला निघायच्या गडबडीत असतात. पाहुणा म्हणून तुम्हाला पहिला नंबर देतील. घ्यायला हरकत नाही, पण वीस मिनिटांत बाहेर या. पाळी चालू असेल तर टब न घेता शॉवर घ्या. ‘क्यो वा शावा दाके दे’, म्हणजे आज फक्त शॉवर, एवढं म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. अंगाला तेल किंवा उटणं लावून मग टबमध्ये जाणं तर विसराच. 200 लिटरवर तेलाचा तवंग येतो आणि टबच्या कडेला पिवळी रेघ उरते.

शाकाहारी असाल तर

‘मी शाकाहारी आहे’ एवढं वाक्य जपानी घरात पुरत नाही. ऐकणारा समजतो की तुम्हाला भाज्या फार आवडतात, मांस कमी खाता. मासा त्यात धरला जाईलच असं नाही, आणि माशाचा अर्क तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, हे एक पातळसर पाणी. नेहमीची दाशी बनते कात्सुओबुशीपासून, म्हणजे वाळवून, धुरी देऊन कडक केलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून. काही ठिकाणी निबोशी, म्हणजे सुकवलेली छोटी मासळी वापरतात. ही दाशी मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपमध्ये असते, उकडलेल्या भाजीत असते, अंड्याच्या गुंडाळीतही असते. भाजी समोर दिसते, मासा दिसत नाही.

म्हणून काय खात नाही आणि काय खातो, दोन्ही पदार्थांच्या नावानिशी लिहून किमान दोन आठवडे आधी कळवा. वाक्यं अशी: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बु-दाशी वा दाइजोबु देस. तामागो तो ग्यून्यू वा ताबेमास.’ म्हणजे मांस-मासे खात नाही, बोनिटोची दाशीही चालत नाही, कोम्बुची चालते, अंडी-दूध खातो. शेवटचं वाक्य आपल्यापुरतं बदलून घ्या. पोहोचल्यावर सांगितलंत तर जेवण शिजून तयार असतं आणि त्या घराची दुपार वाया गेलेली असते. ज्यांना दाशी चालते त्यांनीही ‘दाशी चालेल’ असं स्पष्ट लिहावं, यजमानांचं काम निम्म्याने हलकं होतं. कांदा-लसूणही चालत नसेल तर ‘शोजिन-र्योरी’ हा शब्द वापरा. हे बौद्ध मठांतलं जेवण: मांस-मासा नाही, कांदा-लसूणही नाही. पण त्यात मुळा, गाजर, गोबो अशी कंदमुळं भरपूर असतात, तेव्हा जैन मंडळींनी ती वेगळी सांगायला हवीत.

कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळाची जाड वाळकी पट्टी. तिची दाशी करणं सोपं आहे, आणि यजमानांना ती येतेच. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बु अर्धा तास भिजवायचा, मंद आंचेवर ठेवायचा आणि पाण्याला उकळी फुटायच्या जरा आधी पट्टी काढून घ्यायची. उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. वाळवलेले शीताके मशरूम रात्रभर गार पाण्यात ठेवले की त्याचीही दाशी होते. मिसो मात्र गॅस बंद करून, एका वाटीला साधारण एक सपाट मोठा चमचा, चाळणीतून विरघळवून घालतात, उकळला की सुवास उडतो. इथेही एक खुबी आहे: दुकानात ‘दाशी-इरी’ लिहिलेला मिसो मिळतो, त्यात माशाची दाशी बहुधा आधीच मिसळलेली असते.

आणखी फसवणाऱ्या जागा: नूडल्सबरोबरचा मेन्त्सुयु सॉस, बऱ्याच बाटल्यांमधला आंबट पोन्झु सॉस, भातावर भुरभुरायचं फुरिकाके, नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या डबीतली सॉसची पुडी, सूपचे तयार चौकोन. आणि करी. ‘तुमच्यासाठी खास भाज्यांची करी केली आहे’ असं म्हणून प्रेमाने वाढतात, पण तिच्या तयार वड्यांमध्ये गाई-डुकराची चरबी किंवा अर्क असणं अगदी नेहमीचं आहे. वेष्टन बघायला मागितलं तर राग येत नाही. ‘ग्यू’ म्हणजे गाय-बैल, ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘तोरी’ म्हणजे कोंबडी, ही तीन अक्षरं लिपीत ओळखायला शिकून जा. निर्धास्त खाता येतं ते साधा भात, तोफू आणि सोया सॉस, एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, भाजलेला भोपळा आणि रताळं.

जेवायला बसल्यावर ‘इतादाकिमास’, उठताना ‘गोचिसोसामा देश्ता’. भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे, आणि वाटी हातात उचलून खायचं. जेवायच्या काड्या भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, मृतासाठी ठेवलेल्या भातात तशा खोचतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा उचलतात. आपल्याकडे पिंडाचा भात वेगळा ओळखतो, तेव्हा हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पानात टाकलेलं तिथे आवडत नाही. कमी हवं असेल तर वाढण्याआधी ‘सुकोशी दे’ म्हणा.

त्यांच्या स्वयंपाकघरात आपला स्वयंपाक

एक दिवस तुम्हाला ‘इंडियन करी करशील का’ असं विचारतीलच. हो म्हणा, पण आदल्या दिवशी शेगडी बघून ठेवा.

2008 च्या ऑक्टोबरपासून जपानमध्ये बनणाऱ्या घरगुती गॅस शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरच्या मधोमध एक बुटकं बटण असतं. तो तापमान मोजणारा सेन्सर. भांड्याचा तळ साधारण 250 अंशांवर गेला की ज्योत आपोआप बारीक होते आणि तरी निवळलं नाही तर बंद पडते. तेल पेटून घरं जळू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. पण आपला रिकामा तवा तापवणं, कोरडे मसाले भाजणं, वांगं भाजणं, पोळी थेट आंचेवर फुलवणं, या सगळ्यावर ती नेमकी आडवी येते. काही शेगड्यांवर भांडं नसेल तर ज्योत पेटतच नाही. शेगडी बिघडली असं समजून पुन्हा पुन्हा पेटवू नका. बऱ्याच शेगड्यांवर जास्त तापमानासाठी वेगळं बटण असतं, ते काही सेकंद दाबून धरलं की मर्यादा थोडी वाढते. यजमानांना विचारूनच दाबा. शेगडी विजेची, इंडक्शनची असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर बहुधा तापणार नाही.

म्हणून पोळ्यांचा हट्ट नको. भात त्यांच्या कुकरमध्ये होतोच. चार माणसांसाठी चार मध्यम बटाट्यांची पिवळी भाजी, कांद्याची भजी आणि काकडीची कोशिंबीर केली की पान छान दिसतं. तिखट घरच्या निम्म्याने घाला आणि मिरचीपूड वेगळी वाटीत ठेवा. फोडणी देताना भांड्यावरचा पंखा सर्वात जोरात लावा, घरातलं सरकतं दार बंद करा, मोहरी टाकताच झाकण ठेवा. हिंगाचा वास कागदी दारांत दोन दिवस राहतो, चिमूटभरच घाला. हळदीचे डाग त्यांच्या पांढऱ्या ओट्यावर लगेच पुसा, आणि प्लास्टिकच्या डब्यात भाजी भरून ठेवू नका, पिवळा झालेला डबा पुन्हा पांढरा होत नाही.

तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही. तेल घट्ट करायची पावडर मिळते, एका पुडीत साधारण 600 मिलिलिटर तेल गोठतं. गॅस बंद करून तेल गरम असतानाच ती ढवळून विरघळवायची, गार झालं की वडीसारखं निघतं आणि जाळायच्या कचऱ्यात जातं. तेल गार झाल्यावर पावडर टाकली तर काही होत नाही.

कचऱ्याचे प्रकार गावागणिक बदलतात. जळणारा, प्लास्टिक, पेट बाटल्या, डबे, काच, कागद एवढं बहुतेक ठिकाणी असतं, पण तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु गावात चाळीसहून जास्त प्रकार करतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, बाटली विसळून, मग चेपून टाकायची. प्रत्येक प्रकाराचा वार ठरलेला असतो आणि पिशवी त्याच सकाळी बाहेर ठेवायची. चुकीची पिशवी गाडीवाले उचलत नाहीत, वर स्टिकर लावून तिथेच ठेवतात, आणि ती कोणत्या घरची हे गल्लीला कळतं. शरमिंदं व्हावं लागतं यजमानांना. शंका असेल तर वस्तू खोलीत ठेवा आणि दाखवून विचारा.

रोजचं येणं-जाणं

घरातून निघताना ‘इत्तेकिमास’ म्हणतात, शब्दशः ‘जाऊन येतो’. आपल्याकडेही ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, त्यामुळे मराठी माणसाच्या तोंडात हा शब्द पहिल्याच दिवशी बसतो. उत्तर येतं ‘इत्तेराश्शाइ’, जाऊन ये. परतल्यावर ‘तादाइमा’, आणि आतून ‘ओकाएरी’. हे चार शब्द न चुकता म्हणा, बाकी व्याकरण मागे पडलं तरी चालेल. यजमानीणबाई ‘ओकासान’, म्हणजे आई, ‘म्हण’ असं सांगतील तर तसंच म्हणा. नाही सांगितलं तर आडनावाला ‘सान’ लावा.

रात्री जेवायला नसाल तर सकाळीच सांगा. उशीर होणार असेल तर दहा मिनिटांचा असला तरी कळवा. तुम्ही येईपर्यंत ते जेवायला बसत नाहीत. आणि एखाद्या विनंतीवर ‘चोत्तो...’ म्हणून वाक्य अर्धवट सुटलं, तर ते ‘नाही’ आहे. पुन्हा विचारू नका.

हिवाळ्यात घर आतून फार गार असतं. बैठकीची खोली तापवतात, झोपायची आणि आंघोळीची नाही. उबदार आतले कपडे न्या. केरोसीनचा हीटर असेल तर तासाला एकदा खिडकी उघडायची, आणि झोपताना बंद.

भूकंपासाठी गरजेच्या वस्तू भरून ठेवलेली पिशवी कुठे आहे आणि अशा वेळी आसरा घ्यायची जवळची शाळा कोणती, हे दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना बघून घ्या. हादरा बसला तर टेबलाखाली जा. बाहेर पळू नका, कौलं आणि काचा पडतात. उशाशी सपाता ठेवा, फुटलेल्या काचेवर पाय पडत नाही. जोराचा हादरा असेल तर गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. तो पुन्हा चालू करणं यजमानांवर सोडा.

निघायच्या सकाळी चादर आणि अभ्रा काढून एकत्र घडी करून ठेवा, फुतोन नेहमीसारखी तिपदरी. खोलीतला कचरा वेगळा करून, कशात काय आहे ते सांगून द्या. घरी पोहोचल्यावर आठवड्याभरात हाताने लिहिलेलं पत्र पाठवा. दोन-चार ओळी पुरतात, पण त्यात त्या घरात खाल्लेल्या एखाद्या पदार्थाचं नाव असू द्या आणि सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो छापून घाला. नववर्षाचं कार्ड तिथे 1 जानेवारीला मिळतं, भारतातून पाठवायचं तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच टपालात टाका. मात्र त्याआधी त्यांच्याकडून राखाडी किनारीचं साधं कार्ड आलं असेल, तर त्या वर्षी घरात कुणी गेलेलं आहे. मग नववर्षाच्या शुभेच्छा पाठवायच्या नाहीत, जानेवारीच्या मध्यानंतर नुसती खुशाली विचारणारं पत्र लिहायचं.